शिक्का नको, काम हवे



दिवाळीच्या सुट्टीत दोन दिवस आमचा मुक्काम काशीदला होता. किनाऱ्यावर पर्यटकांची झुंबड उडालेली होती. अलिबाग-मुरूड रस्त्याच्या दुतर्फा गाड्या उभ्या होत्या आणि घराघरांत पाहुण्यांसाठी चूल पेटलेली होती. त्याच वस्तीत आमची एक जुनी विद्यार्थिनी राहते. वडील बोटीवर नोकरीला आहेत. आई घरालगतच्या दोन खोल्या पर्यटकांना भाड्याने देते. मुलगी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला असून रोज एस.टी.ने अलिबागला कॉलेजला जाते.

चहा घेता घेता तिच्या अम्मीने विषय काढला. "सर, हिला कुठेतरी 120 तास काम करून सर्टिफिकेट आणायला सांगितलं आहे. कॉलेजने नुसती नोटीस लावली, जागा तुम्हीच शोधा म्हणून. हिचे मामू म्हणतात, ओळखीचा दुकानदार आहे, सही-शिक्का मारून देईल. पोरीला कशाला दगदग? तुम्हाला काय वाटतं?"

मुलगी मान खाली घालून बसली होती. आम्ही तिलाच विचारले, "तुला काय वाटतं, बेटा?" ती म्हणाली, "सर, वर्गातल्या बऱ्याच जणांनी तसंच आणलंय."

या एका वाक्यामुळे या महिन्याचे सदर आम्ही या विषयाला दिले आहे.

आधी हे 120 तास कुठून आले ते पाहू. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 लागू झाल्यापासून महाराष्ट्रातील विद्यापीठांत पदवी आणि पदव्युत्तर अभ्यासक्रमात प्रत्यक्ष कामाचा अनुभव समाविष्ट झाला आहे. कुणी त्याला इंटर्नशिप म्हणते, कुणी ऑन जॉब ट्रेनिंग. एका क्रेडिटसाठी 30 तास काम, म्हणजे चार क्रेडिटचे 120 तास. रोज चार तास दिले तर महिनाभराचे काम झाले. आकडा ऐकून घाबरायला होते, पण तो डोंगर नव्हे.

खरी अडचण जागा मिळण्याची आहे. मुंबई-पुण्यातल्या मोठ्या कॉलेजांत कंपन्या चालून येतात. काशीद, नांदगाव, बोर्लीच्या मुलांकडे कोण येणार? मग शिक्क्याचा सोपा रस्ता दिसतो.

आम्ही त्या माय-लेकींना हजरत मूसा (अ.स.) यांच्या मदयनच्या प्रसंगाची आठवण करून दिली. मिसर सोडून ते परक्या मुलुखात आले तेव्हा त्यांच्याकडे ना ओळख होती, ना शिफारस. विहिरीवर दोन मुली आपली जनावरे आवरून एका बाजूला थांबलेल्या दिसल्या. त्यांनी काही मोबदला न मागता त्या जनावरांना पाणी पाजले आणि सावलीत जाऊन अल्लाहकडे हात पसरले. पुढे त्यांतल्याच एका मुलीने वडिलांना सुचवले की यांना कामावर ठेवा, कारण ते ताकदवान आणि विश्वासू आहेत. कुरआनने हा प्रसंग सूरह कससमध्ये सांगितला आहे. पुढचा भागही विसरू नये. कामाची मुदत आधीच ठरली, आठ वर्षे, आणि दहा पूर्ण केली तर ती त्यांची खुशी. आपले प्रेषित हजरत मुहम्मद (स.) यांनीही तरुणपणी बकऱ्या चारल्या आणि हजरत खदीजा (रजि.) यांचा माल घेऊन व्यापारी सफर केली. त्या सफरीतला प्रामाणिकपणा हीच त्यांची शिफारस ठरली.

काम शोधणाऱ्याकडे दोन गोष्टी असाव्या लागतात, कामाची कुवत आणि अमानतदारी. खोटे सर्टिफिकेट घेणाऱ्याच्या दोन्ही जातात. कुवत येत नाही, कारण काम केलेलेच नसते, आणि अमानत पहिल्याच पायरीवर मोडते. उद्या मुलाखतीत कुणी विचारले, "त्या महिन्यात काय शिकलात?" तर काय सांगणार?

अम्मी थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "ते खरं, सर. पण पोरीला पाठवू कुठे?"

प्रश्न रास्त होता. कागद घेऊन आम्ही तिघे बसलो आणि एस.टी.च्या टप्प्यात काय काय आहे ते लिहू लागलो. काशीदपासून अलिबाग सुमारे 30 किलोमीटर, मुरूड त्याहून जवळ. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला सी.ए.चे किंवा कर सल्लागाराचे कार्यालय, पतसंस्था, हॉटेलचा हिशेब विभाग चालतो. विज्ञानवाल्यांना रक्त तपासणीची प्रयोगशाळा, थळचा राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सचा कारखाना, साळावचा लोखंडाचा कारखाना आहे. वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्राच्या मुलांच्या तर दारातच फणसाड अभयारण्य आहे. जंजिऱ्याच्या नवाबांचे शिकारीचे हे जंगल 1986 मध्ये अभयारण्य झाले. तिथे कॉलेजमार्फत वनविभागाकडे अर्ज करता येतो. इतिहास आणि भाषेच्या विद्यार्थ्यांना जंजिरा, कोर्लई, कुलाबा हे किल्ले आणि कोर्लईत आजही बोलली जाणारी पोर्तुगीज वळणाची बोली आहे. मुंबईच नजरेसमोर ठेवली तर हे सगळे दिसत नाही.

सरकारी योजनांबद्दल गैरसमज फार आहेत, म्हणून दोन शब्द. 2024 मध्ये राज्याची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणि केंद्राची पंतप्रधान इंटर्नशिप योजना सुरू झाली. राज्याच्या योजनेत बारावी उत्तीर्णास 6,000, आय.टी.आय. किंवा पदविकाधारकास 8,000 आणि पदवीधरास 10,000 रुपये दरमहा विद्यावेतन ठरले. केंद्राच्या योजनेत सुरुवातीला दरमहा 5,000 रुपये ठरले. पण सुरू झाल्या तेव्हा दोन्ही योजना शिक्षण संपवलेल्या तरुणांसाठी आखलेल्या होत्या. पूर्णवेळ कॉलेजात शिकणाऱ्याचा अर्ज त्यांत बसत नव्हता. तेव्हा शिकत असताना कॉलेजचे 120 तास करावेत आणि पदवी हाती आल्यावर या योजना किंवा 1961 च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याखालच्या जागा पाहाव्यात. अर्ज भरण्याच्या दिवशी चालू नियम वाचून घ्यावेत, ते बदलत राहतात.

जागा मागायची रीतही मुलांना शिकवावी लागते. कॉलेजकडून लेटरहेडवर पत्र घ्यावे. एका पानाचा बायोडाटा करावा. फोनवर मेसेज टाकून वाट पाहत बसू नये, स्वतः जावे, सलाम-नमस्कार करून पाच मिनिटे मागावीत आणि "काही काम आहे का?" असे न विचारता "मला हे हे येते, रोज इतके तास देऊ शकतो" असे सांगावे. मदयनच्या त्या करारासारखे सगळे आधी ठरवावे. किती दिवस, कोणते तास, कोण शिकवणार, जाण्या-येण्याचे भाडे मिळणार की नाही. रोज केलेले काम वहीत लिहावे आणि आठवड्याला त्यावर सही घ्यावी. कुणी इंटर्नशिपसाठी नोंदणी फी किंवा डिपॉझिट मागितले तर तिथून निघावे. कामाला ठेवणारा पैसे घेत नाही.

मुलींच्या पालकांची काळजी आम्ही समजतो, पण काळजीचे उत्तर घरी बसवणे हे नव्हे. पहिल्या दिवशी सोबत जा, जागा पाहा, तिथे आणखी महिला काम करतात का ते पाहा, परतीची एस.टी. किती वाजता आहे ते पाहा. कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या लैंगिक छळाविरुद्धचा 2013 चा कायदा प्रशिक्षणार्थी मुलींनाही लागू आहे. दहापेक्षा कमी माणसे असलेल्या छोट्या कार्यालयातील तक्रारीसाठी जिल्हा पातळीवर स्थानिक समिती असते. हे मुलीला माहीत असले पाहिजे, आणि तक्रार घेऊन ती आधी घरीच येईल एवढा विश्वास तिला घरात मिळाला पाहिजे.

आता त्या मुलीचे सांगतो. पहिल्या दोन ठिकाणी नकार मिळाला. एकाने तर पत्र उघडूनही पाहिले नाही. तिसऱ्या ठिकाणी, अलिबागच्या एका कर सल्लागाराकडे, अम्मी सोबत गेल्या. कार्यालयात दोन महिला कामाला होत्या. दुपारी दोन ते सहा असे ठरले. पहिला आठवडा तिने नुसती बिले तारखेप्रमाणे लावली. तिने आम्हाला फोन केला, "सर, हेच का शिकायचं?" आम्ही म्हणालो, "बिल कुठलं आणि कशाचं ते वाचत लाव." तिसऱ्या आठवड्यात एका हॉटेलच्या बिलांत एकच पावती दोनदा चढलेली तिच्या नजरेस आली. सल्लागारांनी त्या दिवसापासून तिला टॅलीवर बसवले.

महिना संपला. नोकरी मिळाली नाही, तशी आशाही नव्हती. सर्टिफिकेट मिळाले आणि त्यातला प्रत्येक तास खरा होता. घरी येऊन तिने अम्मीच्या दोन खोल्यांचा वर्षाचा हिशेब मांडला. तेव्हा कळले की मे महिन्यात हाताशी दिसणारी रक्कम पावसाळ्यात डागडुजीत कशी जाते. अम्मी फोनवर म्हणाल्या, "सर, इतकी वर्षं मी नुसते पैसे मोजत होते, हिशेब आता दिसला."

जाता जाता एक विनंती आमच्या दुकानदार, हॉटेलमालक, वकील, डॉक्टर वाचकांना. कुणाचे पोर शिक्का मागायला आले तर तो देऊ नका. त्या खोट्यात तुमचाही वाटा होतो. त्याऐवजी त्याला स्टूल द्या आणि महिनाभर काम शिकवा. त्याला नुसता चहा आणायला ठेवू नका, आणि जमेल तो मोबदला वेळेवर द्या, तशी ताकीद आपल्याला दीनने दिलेली आहे. प्रत्येक वस्तीत अशी चार-पाच दारे उघडली तर आपल्या मुलांना खोट्या सहीची गरज उरणार नाही, इन्शाअल्लाह.