तांबे रक्तातलेच, म्हणून बाटली निर्धोक?

‘तांबं आपल्या रक्तातच असतं, मग चेहऱ्याला लावायची भीती कसली?’ नागपूरच्या गांधीबागेतल्या ठोक बाजारात एक गृहस्थ गिऱ्हाइकांना हे छातीठोकपणे सांगतात. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: कॉपर पेप्टाइड शरीराचाच अंश आहे, त्यामुळे अपाय संभवत नाही. वाडवडील तांब्याच्या घागरीतले पाणी प्यायले, त्यांना काही झाले नाही. तेव्हा त्याचे सीरम दोन्ही वेळ लावा, व्हिटॅमिन सी मिसळा, वरून बारीक सुयांचा डर्मारोलर फिरवा म्हणजे आत मुरेल. सुटा माल घेतला तरी चालेल, नावाचे पैसे कशाला मोजायचे? आणि त्वचेचे डॉक्टर फीसाठी घाबरवतात.

शेवटचा आरोप उत्तर देण्याच्या लायकीचा नाही. पहिल्या दाव्याला मात्र सविस्तर उत्तर हवे, कारण बाकीची सगळी इमारत त्यावरच उभी आहे.

हे पेप्टाइड रक्तात असते, हे खरे. लोरेन पिकार्ट यांनी 1973 मध्ये ते मानवी रक्तद्रवात शोधले. ग्लायसीन, हिस्टिडीन आणि लायसीन ही तीन अमिनो आम्ले तांब्याचा अणू धरून ठेवतात, म्हणून द्रावण निळे दिसते. पण रक्तात ते असते किती? विशीत एका मिलिलिटरमागे सुमारे 200 नॅनोग्रॅम, साठीपर्यंत 80 च्या आसपास. एक टक्क्याच्या सीरममध्ये एका मिलिलिटरमागे 10 मिलिग्रॅम, म्हणजे विशीतल्या रक्ताच्या पन्नास हजार पट. ‘शरीरातलेच’ म्हणताना हा हिशेब कुठे गेला? हे सीरम सहसा त्रास देत नाही, याचे श्रेय त्वचेच्या वरच्या थराला आहे. तो थर बहुतेक पेप्टाइड बाहेरच अडवतो. आणि आपले गृहस्थ नेमका हाच थर सुयांनी भोसकायला सांगतात! सीरम धडधाकट त्वचेवर लावण्यासाठी बनवलेले असते, ते इंजेक्शनसारखे निर्जंतुक नसते. सुयांच्या छिद्रांतून त्यातला सुगंध, परिरक्षक, जे काही असेल ते सरळ आत उतरते. अमेरिकेत डर्मारोलरसोबत व्हिटॅमिन सीचे सीरम वापरलेल्या बायकांच्या चेहऱ्यावर गाठी उठल्याची नोंद 2014 मध्ये वैद्यकीय नियतकालिकात आली. तिथे तांबे नव्हते, तरी दार उघडल्यावर काय आत शिरते ते त्यात दिसते. या पेप्टाइडची पूड पाण्यात कालवून टोचून घेणारेही आता निघाले आहेत. त्यांना माझे हात जोडून सांगणे आहे, तसे करू नका.

घागरीचा दाखला तर त्यांच्याच अंगाशी येतो. आपल्या आज्या तांब्याच्या भांड्यात पाणी ठेवत, ताक कधी ठेवत नसत. कल्हई उडालेल्या भांड्यात आंबट पदार्थ कळकतो, हे इतवारीतल्या भांडेवाल्याला विचारा. व्हिटॅमिन सी हेही आम्लच. तीव्र आम्लात पेप्टाइडची तांब्यावरची पकड सुटते आणि सुटे तांबे त्या व्हिटॅमिनचे ऑक्सिडीकरण करते. दोन्ही बाटल्यांचे पैसे पाण्यात.

सुट्या मालाची बाटली मी हातात घेऊन पाहिली. पांढरे प्लास्टिक, त्यावर स्केचपेनने लिहिलेले नाव. बॅच क्रमांक नाही, परवाना क्रमांक नाही, मुदतीची तारीख नाही. कॉस्मेटिक्स रूल्स, 2020 प्रमाणे हे सगळे लेबलवर लागते. अकोल्यात एका तरुणीसह तिची आई आणि बहीण यांची मूत्रपिंडे गोरेपणाच्या क्रीममुळे बिघडली. क्रीममध्ये पारा होता, आणि ते मुंबईच्या केईएम रुग्णालयात उघड झाले. निनावी डबीत काय आहे हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसते.

हा वाद जुनाच आहे. स्टिरॉइडची मलमे गोरे होण्यासाठी सर्रास खपत होती, तेव्हाही ‘इतके लोक लावतात, कुणाला काय झाले?’ असेच ऐकवले जाई. चेहरे लाल झाले, पुटकुळ्या आल्या, मलम सोडले की आग होई. 2018 मध्ये सरकारने ती मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकण्यावर बंधन घातले. तोवर किती मुलींचे चेहरे त्यापायी खराब झाले, याची आठवण तरी ठेवा.

मग सीरम वापरूच नये? जरूर वापरा. त्याने सुरकुत्या थोड्या मऊ होतात, असे दाखवणारे अभ्यास आहेत, पण ते लहान आहेत. चमत्काराची आशा नको. आधी कोपराच्या आतल्या बाजूला दोन-तीन दिवस लावून पाहा. मग रात्री, धुतलेल्या कोरड्या चेहऱ्यावर थोडेसे. व्हिटॅमिन सी सकाळी, त्यावर सनस्क्रीन. नागपूरच्या मे महिन्यात बाटली खिडकीत ठेवू नका. शरीरात तांबे साठणारा विल्सनचा आजार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नये. लाली, खाज किंवा सूज आली तर बाटली बंद करून ती सोबत घेऊनच डॉक्टरांकडे जा.

आणि बाजारातल्या ठोकवाल्यांनी मोठे कॅन फोडून माल बाटल्यांत भरणे आजपासून थांबवावे. सीलबंद माल विका, पक्के बिल द्या.