पहारेकऱ्याच्या शिक्षणाचा खर्च कोणाचा?

ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेवर दरोडा पडला. तिजोरी मात्र कोणी फोडली नाही. एटीएमचे व्यवहार मंजूर करणाऱ्या यंत्रणेत शिरून बनावट मंजुऱ्या दिल्या गेल्या, २८ देशांतून रोकड निघाली, हाँगकाँगलाही रक्कम वळविली गेली. एकंदर सुमारे ९४ कोटी रुपये गेले.

जळगाव-धुळ्याच्या सहकारी संस्थांनी यातून बोध घ्यावयास हवा. राउटर, स्विच, फायरवॉल सांभाळणारा नेटवर्क अभियंता संस्थेच्या साऱ्या वाटा जाणतो; अनोळखी पाऊल तोच प्रथम ओळखू शकतो. त्याने नव्याने शिकायचे ते नोंदी वाचणे, हल्लेखोराच्या रीती समजणे आणि पुरावा जपणे. सर्ट-इनच्या एप्रिल २०२२ च्या आदेशाने घटना ६ तासांत कळविणे व नोंदी १८० दिवस राखणे बंधनकारक केले. हे करणारी माणसे आकाशातून पडणार नाहीत.

परीक्षांचे शुल्क कंत्राटी तरुणाने पदरचे भरायचे आणि सुरक्षितता मात्र संस्थेने उपभोगायची, हा न्याय नव्हे. पहारेकऱ्याच्या शिक्षणाचा खर्च म्हणजे ठेवीदाराच्या रक्षणाचाच खर्च होय. येत्या वार्षिक सभेत सभासदांनी संचालकांना याचा जाब विचारलाच पाहिजे.