स्थानी आणि आदेश

परभणी, सेलू, गंगाखेड या भागांतील जुन्या घरांत माळ्यावर एखादा टेपरेकॉर्डर अद्याप जपून ठेवलेला आढळतो. शेजारीं ध्वनिफितींचा डबा असतो, आणि त्यांत कोणाच्या आजीच्या जात्यावरील ओव्या, कोणाच्या आजोबांचें कीर्तन सांठविलेलें असतें. असें यंत्र एके दिवशीं मुकें होतें, व कारागीर सांगतो, "याची आयसी आतां येत नाहीं, भंगारांत द्या." यंत्र गेलें कीं त्याच्या मागोमाग फितीही अडगळ ठरतात, आणि घरांतील एक आवाज कायमचा जातो. म्हणून या निवाड्याचा आज थोडा विचार करावा, असें आम्हांस वाटतें.

आयसी म्हणजे सिलिकनच्या चिमुकल्या तुकड्यावर अनेक ट्रान्झिस्टर एकत्र घडवून केलेला भाग. आवाज मोठा करण्याचें काम जुन्या यंत्रांतून ‘टीबीए ८१०’ सारख्या आयसी करीत. कारखानदारांनीं त्यांची निर्मिति केव्हांच थांबविली. जपानच्या सान्यो कंपनीची ‘एलए ४४४०’ हीही तशीच गेली. परंतु चिनी बनावटीची ‘सीडी ४४४०’ पायांच्या त्याच रचनेची असून बाजारांत मिळते. तेव्हां प्रश्न मूळ वस्तु मिळविण्यापेक्षां योग्य प्रतिनिधि निवडण्याचा आहे.

आपल्या वैयाकरणांस हा प्रश्न नवा नव्हता. पाणिनीच्या शास्त्रांत ज्याच्या जागीं दुसरें येतें तो स्थानी, व जें येतें तो आदेश. ‘गत्वा’ यांतील प्रत्ययाच्या जागीं, मागें उपसर्ग लागतांच, ‘आगम्य’ यांतील निराळा प्रत्यय येतो. रूप बदललें तरी अव्ययपणा कायम राहतो. आदेशाला स्थानीचे अधिकार मिळतात; मात्र जो विधि स्थानीच्या प्रत्यक्ष वर्णावर अवलंबून आहे, तेथें ते चालत नाहींत. आयसीचेंही असेंच आहे. नवीला जुनीचें काम मिळतें, जुनीचा देह मिळत नाहीं.

प्रथम नांव वाचावें. आरंभींचीं अक्षरें बहुधा कारखान्याचीं असतात, व आंकडा वस्तूचा. ‘एलएम ७४१’ व ‘सीए ७४१’ या एकाच कामाच्या आयसी होत. उलट कांहीं नांवें सर्वस्वी भिन्न असून वस्तु एकच असते. रेडिओंतील ‘यूएलएन २२०४’ व ‘टीडीए १०८३’ हे तर शुद्ध पर्यायशब्द. हें ठाऊक नसलें म्हणजे कारागीर "मिळत नाहीं" म्हणतो, आणि ती वस्तु त्याच्याच खणांत दुसऱ्या नांवानें पडलेली असते.

नांवानें काम भागलें नाहीं तर तीन गोष्टी पाहाव्या. पहिली, पाय. ‘८१०’ ला बारा पाय. तिच्या जागीं सुचविली जाणारी ‘टीडीए २००३’ पांच पायांची. ती त्या भोकांत बसत नाहीं. तिला स्वतःची लहान पट्टी व भोंवतालचे भाग द्यावे लागतात. दुसरी, विजेचा दाब. ‘८१०’ चार व्होल्टपासून वीस व्होल्टपर्यंत चालते. ‘२००३’ ला किमान आठ लागतात. चार सेलांच्या, म्हणजे सहा व्होल्टांच्या यंत्रांत हा आदेश निरुपयोगी ठरतो. तिसरी, वेग. जुन्या ‘४५५८’ च्या जागीं ‘एनई ५५३२’ आठही पायांनीं बिनचूक बसते, व अधिक चांगली म्हणून लोक ती हौसेनें बसवितात. परंतु ती अधिक चपळ आहे व वीजही अधिक घेते. जुन्या पट्टीवर कधीं कधीं ती कानांस ऐकूं न येणाऱ्या उच्च कंपनांत स्वतःशींच गाऊं लागते. मग आयसी तापते व आवाज बिघडतो. तिच्या विजेच्या पायांजवळ ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर जोडल्यास हा दोष बहुधा शमतो. अधिक गुणवान तो त्या जागेस अधिक योग्य असेलच, असें नाहीं.

आयसीवर दोष ठेवण्यापूर्वीं सैल झालेला रबरी पट्टा, सुकलेले कपॅसिटर व विजेचा पुरवठा हीं तपासून घ्यावीं. पुष्कळदां दोष तेथेंच सांपडतो. नवी आयसी घेतांना पारखून घ्यावी, कारण जुनें नांव घासून त्यावर दुसरें छापलेला मालही बाजारांत असतो. हें काम जाणत्याकडूनच करवावें; वीज बंद केल्यावरही कपॅसिटरांत कांहीं काळ विद्युत् शिल्लक राहते.

शेवटीं दोन सूचना. कोणती आयसी काढली, कोणती घातली व कोणत्या सालीं, हें चिठ्ठीवर लिहून यंत्राच्या पेटींतच ठेवावें. पुढील पिढीच्या कारागिरास तो मूळ पाठ व पाठभेद दोन्हीं उपयोगीं पडतील. आणि यंत्र बोलूं लागेल त्याच दिवशीं फितींतील आवाज संगणकावर उतरवून घ्यावा. आयसीला आदेश मिळतो; आजीच्या आवाजाला तो मिळत नाहीं.