दिवाणखान्यातला कारखाना

सीवूड्समधील सदनिकांचे नूतनीकरण निघाले, की आठ बाय चार फुटांचे प्लायवूड बहुधा दिवाणखान्यातच कापले जाते. १९ मिलिमीटर जाडीचा पूर्ण तक्ता तीस किलोंहून अधिक भरू शकतो. तो फरशीवर कसाबसा टेकवून, मार्बल कटरला लाकडाचे पाते लावून कापण्याची पद्धत सर्रास आढळते. कापलेला भाग खाली झुकला, की फट मिटते, पाते अडकते आणि यंत्र कामगाराकडे उसळते. गार्ड काढलेला असेल, तर बोटे गमवावी लागतात.

कायद्याचा आधार येथे तोकडा पडतो. १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्याला दहा कामगारांची अट होती. नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा संहितेतही बांधकामासाठी ती कायम आहे. घरात राबणारे तीन-चार सुतार त्या चौकटीबाहेरच राहतात. लाकडाची धूळ कर्ककारक असल्याचे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्येच नोंदवले. तरीही मास्क दुर्मीळच.

उपाय खर्चिक नाहीत. मापांची यादी आधी करून मोठे काप वर्कशॉपमधील पॅनेल सॉवर घेतल्यास वेळ वाचतो, नासाडीही घटते. उरलेले काप घरी घेताना तक्त्याच्या दोन्ही भागांना खालून रिपांचा आधार द्यावा, सरळ पट्टी घट्ट आवळावी आणि पाते जाडीपेक्षा किंचितच खाली उतरू द्यावे.

गृहनिर्माण संस्था नूतनीकरणाच्या वेळा ठरवून देतात, अनामतही घेतात. त्याच परवानगीत गार्डविना यंत्र चालविण्यास मनाई करणे अवघड नाही. शेजाऱ्यांच्या दुपारच्या झोपेइतकीच काळजी सुताराच्या बोटांचीही घेतली जायला हवी.