थंडी बियाला विचारा

“आपल्याकडे बर्फ पडतो का?” एवढा एकच प्रश्न विचारून एका गृहस्थांनी परवा कुंडलच्या बैठकीत टाळ्या मिळवल्या. विषय उन्हाळी भाजीपाल्याचा होता. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : पडवीत, घरात बी रुजवून मग रानात लावायची रीत गोठणाऱ्या मुलखातली. तिथं वसंत येईपर्यंत जमिनीला हात लावता येत नाही, म्हणून ते लोक खिडकीत रोपं वाढवतात. आपल्याकडं बारा महिने ऊन. काकडी-दोडक्याचं बी सरळ आळ्यात टोकावं, वांगी-मिरची-टोमॅटोचं रोप नर्सरीतनं आणावं, आणि घरच्या माणसांना हा पोरखेळ लावू नये. शिवाय घरात उगवलेलं रोप पिवळं आणि लुकडं होतं.

टाळ्या वाजवणाऱ्यांत माझ्या ओळखीचे चार चांगले बागायतदार होते, म्हणून हे लिहायला बसलो.

बर्फ पडत नाही, मान्य. म्हणून थंडी नाही, हे कुठून काढलं? जानेवारीत आपल्याकडं पहाटेचा पारा बारा-चौदा अंशांवर येतो. दुपारी अंगाला चटका बसतो, म्हणून माणसाला वाटतं थंडी सरली. पण बी दुपारपुरतं जगत नाही. ते ओल्या काळ्या मातीत एक-दीड इंच खाली रात्रंदिवस पडून असतं, आणि पाणी दिलेली काळी माती लवकर तापत नाही. काकडी, दोडका, कारलं, दुधी, कलिंगड ही सगळी वेलवर्गीय पिकं उबेची. त्यांच्या बियाला २५ ते ३० अंश मिळाले की चार-सहा दिवसांत मोड येतो. तेच बी पौषात आळ्यात टोका, आठ-दहा दिवस जमिनीवर काही दिसत नाही. कारल्याचं टरफल जाड, ते त्याहून जास्त वाट बघायला लावतं. त्या दिवसांत बी नुसतं झोपून राहत नाही. ओलीनं कुजतं, मुंग्या लागतात, उंदीर आणि खार रांगेनं उकरत जातात. मग शेतकरी म्हणतो, बी फसवं निघालं. दुकानदाराशी भांडण होतं. नांगे भरायला दुसरं पाकीट येतं, आणि एकाच सरीत एक वेल मांडवावर चढलेला, शेजारचा दोन पानांवर, अशी तऱ्हा. संकरित बी आज मोजून विकत घ्यावं लागतं. त्यातलं एक-एक बी मातीत हरवणं परवडतं कुणाला?

ही अडचण आपल्या बायकांना पुस्तकं येण्याआधी ठाऊक होती. माझी आजी दोडक्याचं बी रात्रभर भिजवायची, ओल्या फडक्यात बांधायची आणि चुलीच्या वैलाजवळ ठेवायची, विस्तवाला नाही, उबेला. मोड डोकावला की मगच आळ्यात. ही रीत तिनं कुठल्या थंड देशातून आणली? कोकणात भाताचं बी भिजवून, दडपून, मोड आणून रहू पेरतात, ते कुणाच्या खिडकीत बघून? गृहस्थांनी जिला परदेशी म्हटलं, ती त्यांच्याच घरात दोन पिढ्यांमागं चुलीशेजारी होती. ज्या बाईनं ती सांभाळली, तिच्या कामाला पोरखेळ म्हणताना त्यांची जीभ अडखळली नाही, याचा मला राग आहे आणि तो मी लपवणार नाही.

पिवळ्या रोपाचं बोलायचं, तर नवरात्रातला घट सगळ्यांनी पाहिलाय. देवघराच्या अंधारात धान्य उंच आणि पिवळं वाढतं. तिथं ते तसंच हवं असतं, भाजीच्या रोपाला तसं चालत नाही. बी रुजायला ऊब लागते, रुजलेल्याला ऊन लागतं. मोड मातीबाहेर दिसला त्याच दिवशी ट्रे अंगणात गेला, तर रोप पिवळं पडत नाही. चूक घराची नाही, उशिरा बाहेर काढणाऱ्याची आहे.

नर्सरीचं रोप वाईट नसतं. पण ते किती दिवसांचं, कुठल्या जातीचं, कुणाच्या रोगाशेजारी वाढलेलं, हे घेणाऱ्याला कळत नाही. २०२० च्या उन्हाळ्यात टोमॅटोवर काकडी मोझॅक विषाणू आला, तेव्हा रोपाच्या तपासणीची गरज सगळ्यांना एकदम आठवली. आणि कृष्णाकाठच्या आपल्या वांग्याचं घरात राखलेलं बी कुठली नर्सरी तुमच्यासाठी वेगळं लावणार?

वेळ नाही म्हणता? दोन ट्रेला सकाळची दहा मिनिटं लागतात.

हा वाद मला नवा नाही. उसाची रोपं करून लागण करायची गोष्ट निघाली, तेव्हाही याच भागात अशाच बैठका झाल्या. दोन-तीन डोळ्यांची टिपरी सरीत पुरणं म्हणजेच लागण. एका डोळ्याचं रोप करणं म्हणजे रिकामटेकड्यांचा उद्योग, असं छातीठोक सांगितलं गेलं. आज ट्रेमधली उसाची रोपं टेम्पो भरभरून याच शिवारांत येतात आणि तेव्हा हसलेले लोक त्यांची आगाऊ नोंदणी करतात. त्याही आधी लोखंडी नांगर नवा होता, तेव्हा लोखंडानं जमीन नासते असं सांगणारे होते. इथून हाकेच्या अंतरावर किर्लोस्करवाडीत १९१० साली कारखाना उभा राहिला आणि तोच नांगर घरोघर गेला. जमीन नासते म्हणणाऱ्यांपैकी कुणी नंतर चूक कबूल केल्याचं मी ऐकलेलं नाही.

आता करायचं काय ते सांगतो. संक्रांतीच्या सुमारास वेलवर्गीय बी भिजवून मोड आणावं. चाळलेलं जुनं शेणखत, माती आणि वाळू पिशवीत किंवा कागदी पेल्यात भरावी, तळाला भोक हवंच. नदीकडच्या क्षारपड रानातली माती घेऊ नये, तिच्यात मोड जळतो. पडवीत कडब्याखाली ऊब द्यावी, कोंब दिसताच उन्हात काढावं, पांढऱ्या माशीसाठी बारीक जाळी टाकावी. पाणी बेतानं, नाहीतर रोपं बुडातून कोलमडतात. वेलाचं रोप १२ ते १५ दिवसांत, दोन पानांवर, मुळाची माती न फोडता लावावं. टोमॅटोला २५ ते ३० दिवस, मिरचीला ४० च्या आसपास लागतात, म्हणून त्यांचं बी त्याआधी धरावं. लावणीआधी चार दिवस पाणी तोडून रोप काटक करावं. भेंडी, गवार, मुळा, गाजर मात्र सरळ रानातच. तिथं मी त्या गृहस्थांच्या बाजूचा आहे. असं केलं तर काकडीचा पहिला तोडा पाडव्याच्या आधी येतो आणि विहिरीत पाणी असतानाच वेलाचं निम्मं काम झालेलं असतं.

बैठकीत टाळ्या वाजवलेल्या माझ्या चार मित्रांना एकच विनंती. येत्या संक्रांतीला एकाच पाकिटातल्या काकडीच्या वीस बिया घ्या. दहा आळ्यात टोका, दहा पडवीत रुजवून लावा. दोन्हीकडं काठी रोवून तारीख लिहा आणि पहिल्या तोड्याच्या दिवशी त्या दोन काठ्या घेऊन बैठकीला या.