योगवर्गानंतरचा पाव तास

व्यायामाचे विवेचन करताना वाग्भटाचार्यांनी व्यायाम संपल्यावर काय करावे हेही सांगून ठेवले आहे. निम्म्या शक्तीनेच व्यायाम करावा आणि तो झाल्यावर सर्वांगाचे सुखावह मर्दन करावे, असा अष्टांगहृदयाच्या दिनचर्याध्यायाचा आदेश आहे. वातपित्ताचे रोगी, बालक, वृद्ध आणि अजीर्णी यांना तर तो वर्ज्यच सांगितला आहे. कोणी करावा, किती करावा आणि केल्यानंतर शरीराकडे कसे पाहावे, हे तिन्ही प्रश्न आचार्यांनी एकाच ठिकाणी हाताळले. आजच्या योगवर्गांत यांपैकी पहिला प्रश्न क्वचित विचारला जातो. तिसरा तर विचारलाच जात नाही. शांतिपाठ झाला की सतरंज्या गुंडाळल्या जातात आणि योगशिक्षक दुचाकीला किक मारून पुढच्या गावी निघतात.

यात सगळा दोष योगशिक्षकांचा आहे असे आम्ही म्हणणार नाही. आयुष आरोग्य केंद्रांसाठी जो आराखडा आखला गेला, त्यात पुरुष योगशिक्षकास महिना ३२ तासांचे ८,००० रुपये आणि स्त्री योगशिक्षिकेस २० तासांचे ५,००० रुपये मानधन धरले होते. म्हणजे तासाला २५० रुपये. वर्गानंतर थांबून चार शब्द बोलण्याचा वेळ या हिशेबात कोठेही बसत नाही. जे मोजलेच जात नाही ते शिक्षकाने स्वखुशीने नित्य करावे, ही अपेक्षा आम्हांस अन्याय्य वाटते. तो पाव तास सत्राचाच भाग धरावा, अशी मागणी संघटनेने शासनदरबारी करावयास हवी.

अहेरी परिसरात या पाव तासाचे मोल अधिक आहे. येथील वर्ग मराठीत चालतो, आसनांची नावे संस्कृत, आणि समोर बसलेल्या बायाबापड्यांच्या घरची भाषा माडिया, गोंडी किंवा प्राणहितेपलीकडची तेलुगू. वर्ग चालू असताना सर्वजण माना डोलावतात. कळले नाही हे चारचौघांत कोण सांगणार? ते कळते वर्ग संपल्यावर, चपला घालता घालता, एखाद्या शेजारणीच्या मध्यस्थीने.

आमच्या पाहण्यातील एक प्रसंग सांगतो. एका गावातील तरुण स्त्री आठ दिवस उत्साहाने वर्गास आली आणि नंतर दिसेनाशी झाली. आळस, असे सर्वांनी गृहीत धरले. तीन आठवड्यांनी ती हातापायांच्या तीव्र वेदना घेऊन आमच्याकडे आली. पुढे रक्ततपासणीत सिकलसेलचे निदान झाले. भर उन्हाळ्यात, पाणी न पिता, लागोपाठ सूर्यनमस्कार घातल्यावर अंग ठणकू लागले होते, असे तिने आम्हांस सांगितले. ‘वर्गात का नाही बोललीस?’ असे विचारता ती म्हणाली, ‘कोणी पुसलंच नाही.’ अतिश्रम आणि शरीरातील पाणी कमी होणे या दोहोंनी सिकलसेलच्या रुग्णास वेदनेचा झटका येऊ शकतो, हे आपण सर्व जाणतो. गडचिरोली-चंद्रपुरात हा आजार आपल्या नित्याच्या पाहण्यातला आहे. त्या वर्गात बसणाऱ्यांपैकी सिकलसेलची तपासणी कोणाची झाली आहे, याची विचारपूस आम्हीही केली नव्हती. हे येथे कबूल केलेले बरे.

अनुपस्थितीचा अर्थ लावणेही शिक्षकास शिकावे लागेल. मार्च-एप्रिलमध्ये पहाटेचा वर्ग ओस पडतो, कारण त्याच वेळी मोहफुले वेचावयाची असतात. मे महिन्यात तेंदूपाने, पावसाळ्यात रोवणी. अशा वेळी हजेरीपटावर लाल शेरे मारण्यापेक्षा वर्ग सायंकाळी घ्यावा, आणि वाकून वेचण्याने जखडलेल्या कटीसाठी दोन सोपी आसने घरी करावयास सांगावीत. भ्रमणध्वनीवरील गटात सूचना टाकून निश्चिंत होणाऱ्यांस आमचे सांगणे की, आतील गावांत रेंजचा भरवसा नाही. तेथे आठवडी बाजार अधिक भरवशाचा. न आलेली व्यक्ती तेथे हमखास भेटते.

याचा धडा आपल्याच जिल्ह्यात गिरवला गेला आहे. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये स्थापिलेल्या ‘सर्च’ने गावातीलच स्त्रियांस शिकवून नवजात बालकांच्या घरी ठरावीक दिवशी भेटीस पाठविले. ३९ गावांतील या प्रयोगात नवजात मृत्युदर सुमारे ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. प्रशिक्षण, औषधे आणि नोंदी यांचा त्यात मोठा वाटा होता. परंतु बोलावण्याची वाट न पाहता दारी जाणे हाही त्या कार्याचा गाभा होता. योगवर्गाची तुलना नवजात बालकाच्या जीवनमरणाशी करणे अतिशयोक्तीचे होईल. पद्धत मात्र घेण्याजोगी आहे.

औषधी दुकानदार बंधूंशी थोडे स्पष्ट बोलणे भाग आहे. वर्ग संपताच सांधेदुखीचे तेल, अश्वगंधा चूर्ण किंवा ‘वजन घटविणारा’ काढा पुढे करणारे शिक्षक आता दिसू लागले आहेत, आणि त्यामागे दुकानाची दलाली असते हे लपून राहिलेले नाही. ज्या क्षणी विचारपूस विक्रीसाठी होते, त्या क्षणापासून माणसे खरे सांगणे सोडतात. उलट दुकानदारास करता येण्याजोगे पुष्कळ आहे. गुडघेदुखीसाठी वारंवार तेल नेणाऱ्यास ‘वर्गात कोणते आसन करता?’ एवढे विचारावे आणि शंका आल्यास वैद्याकडे पाठवावे. शिक्षकाने स्वतः औषध सांगू नये, आणि वैद्यानेही रुग्णास वर्गाकडे पाठविताना काय टाळावे ते चिठ्ठीवर लिहून द्यावे. ‘योगा करा’ एवढाच मोघम सल्ला देण्याची सवय आपल्यापैकी अनेकांस आहे. आम्हांसही होती.

नोंदीसाठी छापील प्रपत्रांचा सोस नको. साधी दोनशे पानी वही पुरे: नाव, गाव, पूर्वीचा आजार, सिकलसेल तपासणी झाली की नाही, गर्भारपण, आणि वर्गानंतर काय दुखले. आजाराचा उल्लेख असल्याने ती वही शिक्षकाजवळच राहावी, भिंतीवरील हजेरीत त्यातले काही उतरू नये. येत्या मोहाच्या हंगामापूर्वी अहेरी आणि आलापल्ली येथील वैद्यांनी आपापल्या परिसरातील योगशिक्षकांसह एकदा बसून ही वही सुरू करावी. पहिल्या पाच वह्यांचा खर्च आम्ही करू.