इंजिन थांबते तेव्हा

१० मार्च २०१८ रोजी मुरूडजवळील नांदगावच्या किनाऱ्यावर तटरक्षक दलाचे एक चेतक हेलिकॉप्टर तांत्रिक बिघाडामुळे तातडीने उतरवावे लागले. त्यातील चौघांपैकी तिघे बचावले. जबर जखमी झालेल्या एका महिला अधिकाऱ्याचा पुढे रुग्णालयात मृत्यू झाला. आगरदांड्याहून हे ठिकाण फार दूर नाही. २५ जुलै २०२२ रोजी इंदापूर तालुक्यातील कडबनवाडीच्या शेतात एक प्रशिक्षण-विमान कोसळले; ऑक्टोबर २०२३ मध्ये बारामतीच्या परिसरात चार दिवसांत अशी दोन विमाने पडली. त्यानंतर नागरी हवाई वाहतूक महासंचालनालयाने संबंधित संस्थेचे प्रशिक्षण थांबविले.

अशा प्रसंगी दोन दिवस हळहळ व्यक्त होते आणि ‘दैव’ म्हणून प्रकरण मिटते. वास्तविक, इंजिन बंद पडले की विमान दगडासारखे खाली येते, हा समजच चुकीचा आहे. एका इंजिनाचे चार आसनी सेस्ना विमान एक फूट उंची गमावताना सुमारे नऊ फूट पुढे सरकते. म्हणजे तीन हजार फुटांवरून वैमानिकाला सुमारे आठ किलोमीटरचा टापू मिळतो. मात्र त्याने लगेच नाक खाली करून वेग राखावयास हवा. उड्डाण होताच इंजिन थांबले, तर धावपट्टीकडे वळण्याचा मोह अनेकांच्या जिवावर बेतला आहे. कमी उंचीवर घेतलेल्या त्या वळणात वेग जातो आणि पंखांचा आधारही सुटतो.

इंजिन थांबण्याची कारणे तरी कोणती? इंधन संपणे, त्यात पाणी मिसळणे, कार्ब्युरेटरमध्ये बर्फ साचणे ही त्यांपैकी नेहमीची. बर्फाचे कोकणात काय काम, असे कोणी विचारील. परंतु पेट्रोलची वाफ होताना आतील हवा अतिशय थंड होते. हवा दमट असली, तर बाहेर वीस-पंचवीस अंश तापमान असूनही बर्फ धरतो. यांतील बहुतेक कारणे उड्डाणापूर्वीच्या तपासणीत अथवा वेळीच घेतलेल्या दक्षतेत टळू शकतात. इंधनटाकीच्या तळातून थोडे इंधन काढून पाहावयास काही मिनिटे पुरतात. उड्डाणांचे तास भरण्याच्या घाईत तीच मिनिटे वाचविली जात असतील, तर दैवाला बोल लावण्यात अर्थ नाही.

आता आगरदांड्याचा प्रदेश पाहा. एका बाजूस राजपुरीची खाडी व तिवरांचा चिखल, दुसरीकडे डोंगर, मध्ये नारळी-पोफळीच्या वाड्या आणि बांधांनी चिरलेली भातखाचरे. सपाट जागा म्हणजे पुळणी, आणि त्या सुटीच्या दिवशी माणसांनी भरलेल्या. पाण्यावर उतरावे, तर खाली आलेली चाके पाण्यात रुतून विमान उलटण्याचा धोका. अशा वेळी प्रथम पोहोचणार तो होडीवाला कोळीच. रायगड जिल्ह्यात नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन ऑक्टोबर २०२५ मध्ये झाले. विमानांची सवय होत असलेल्या या जिल्ह्यात किनाऱ्यावरील मच्छीमार संस्था, सागरी पोलीस व तटरक्षक दल यांची एकत्रित बचाव-योजना असावयास नको काय?

विमान अपघात अन्वेषण विभाग २०१२ पासून कार्यरत आहे. दोषी शोधण्यापेक्षा पुढील अपघात टाळणे हा त्याच्या चौकशीचा हेतू. तो सफल व्हावयाचा, तर अहवालातील धडे प्रत्येक प्रशिक्षण-संस्थेत शिकविले गेले पाहिजेत. इंजिन पुन्हा केव्हातरी थांबेलच. त्या क्षणी वैमानिक आणि किनारा दोघेही तयार असावेत, एवढेच आपल्या हाती आहे.